गणपतीला गावी जाताना मन्याचं आणि राणीचं काय?

या महिन्याच्या टपालात प्रवासाचेच प्रश्न जास्त आले. सण तोंडावर आलाय, साहजिकच आहे. डोंबिवलीच्या ताईंचं पत्र सगळ्यात आधी घेते, कारण त्यांच्याकडे अजून महिनाभर वेळ आहे आणि तो वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमचं गाव कुडाळजवळ. दरवर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी गाडीने निघतो आणि गौरी-गणपती पोचवून परततो. घरात सहा वर्षांचा बोका मन्या आणि तीन वर्षांची गावठी कुत्री राणी आहे. राणी गेल्या वर्षी आमच्यासोबत आली, मजेत राहिली. मन्याला घरीच ठेवून शेजारच्या वहिनींकडे चावी दिली होती. आठ दिवसांनी आलो तर तो अर्धा किलो उतरला होता. यंदा वहिनीही गावी चालल्यात, आमचा अख्खा मजला रिकामा होतोय. त्यामुळे मन्याला पहिल्यांदाच नेतोय. मेडिकलवाला म्हणाला, लहान मुलांचं सर्दीचं सिरप चमचाभर पाजा, गाव येईपर्यंत झोपून राहील. पाजू का? गाडी वॅगनआर, माणसं चार.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सिरप पाजू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. सर्दीच्या बऱ्याच सिरपांमध्ये पॅरासिटामॉल असतं. माणसाच्या पोटात ते निमूट पचतं. मांजराच्या यकृताला मात्र ते निकामी करताच येत नाही, कारण त्यासाठी लागणारी रसायनं त्याच्याकडे पुरेशी नसतात. हिरड्या आधी फिक्या आणि मग तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. एका गोळीने मांजर जाऊ शकतं. अशी मांजरं माझ्या टेबलावर आलेली आहेत. आणणारी माणसं प्रेमळच होती, त्यांनी घरात होतं ते औषध दिलं होतं, एवढंच.

आता मन्याला न्यावं की नाही. सत्तावीस वर्षं कोल्हापुरात दवाखाना चालवते आहे आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कंच होत गेलंय : कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर जागेला. राणीला तुम्ही जिथे, तिथे तिचं घर. मन्याचं घर म्हणजे तुमच्या खिडकीची कड, फ्रिजच्या वरची जागा, ठरलेल्या कोपऱ्यातला ट्रे. म्हणून मांजराच्या बाबतीत माझी पहिली पसंती नेहमी हीच, की त्याला घरीच ठेवा आणि दिवसातून दोनदा कुणीतरी येऊन खायला घालू दे, ट्रे साफ करू दे, घटकाभर बसू दे. एखादी भाची किंवा मावशी आठवडाभर तुमच्याकडे राहायला येणार असेल तर तिला अजूनही विचारून बघा. पण गेल्या वर्षी चावी देऊनही मन्या अर्धा किलो उतरला, म्हणजे त्याने खाणं जवळजवळ सोडलं होतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते प्रकरण जिवावर बेतू शकतं. तेव्हा घरी राहणारं कुणीच मिळत नसेल, तर न्या. मात्र आजपासून तयारीला लागा.

आजच्या आज टणक प्लॅस्टिकची पेटी आणा, लोखंडी जाळीच्या दाराची. वरूनही उघडणारी मिळाली तर उत्तम, म्हणजे घाबरलेल्या मांजराला ओढून बाहेर काढावं लागत नाही. मन्या आत उभा राहून सहज वळू शकला पाहिजे, त्याहून मोठी नको. चेनच्या रेक्झिन बॅगा दिसायला सुटसुटीत, पण मांजर नाकाने चेन सरकवतं आणि दोन मिनिटांत बाहेर येतं. पेटी आणली की दार काढून ठेवा आणि ती हॉलमध्ये मांडून ठेवा. माळ्यावर टाकायची नाही. आत त्याची रोजची चादर, न धुतलेली. पहिले दोन-तीन दिवस खाण्याची वाटी पेटीजवळ, मग उंबऱ्यावर, मग अगदी आत. तो आत जाऊन निवांत पडायला लागला की दार बसवा, मिनिटभर लावा आणि उघडा. मग पाच मिनिटं. मग पेटी उचलून जिन्यापर्यंत. मग गाडीत, इंजिन बंद ठेवून. मग कल्याणपर्यंत एक चक्कर. बहुतेक मांजरांना पेटी दिसते ती फक्त दवाखान्यात जाताना, म्हणून पेटी दिसली की ती कपाटाखाली घुसतात. मन्याच्या मनातून पेटी आणि सुई यांची जोडी तुटली पाहिजे. त्याला वेळ लागतो आणि नेमका तोच तुमच्याकडे आहे.

भित्र्या मांजरांना आम्ही प्रवासाआधी दोनेक तास गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देतो. प्रमाण वजनावर आणि मूत्रपिंडाच्या तब्येतीवर ठरतं, म्हणून ते तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. आधी एखाद्या रविवारी घरीच एकदा देऊन बघा. कुणी पेंगतं, कुणी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, कुणावर काहीच असर होत नाही. ही परीक्षा कशेडीच्या वळणांवर घ्यायची नाही.

आता गाडीचं. कुडाळ तुमच्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. एरवी नऊ-दहा तास धरले तरी गणपतीच्या आधीचे दोन दिवस महामार्गावर काय होतं ते तुम्हीच मला सांगाल. माणगावला किंवा कोलाडला तासन् तास उभी असलेली गाडी, काचांवर पाऊस, आत चार माणसं आणि दोन जनावरं. म्हणून जमल्यास चतुर्थीच्या चार दिवस आधी निघा. रात्री दोन-तीनला निघालात तर उत्तम : गारवा असतो, हॉर्न कमी, मांजर शांत राहतं. टाकी भरलेली ठेवा, कारण कोंडीत एसी बंद करून चालणार नाही.

वॅगनआरमध्ये मन्याची पेटी पुढच्या सीटच्या मागे खाली, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवा. अचानक ब्रेक लागला तरी ती तिथून हलत नाही. तिथे बसणाऱ्याला पाय आखडून बसावं लागेल, आळीपाळीने बसा. पेटीच्या तीन बाजू पातळ सुती कापडाने झाका, एक बाजू हवेला मोकळी, आणि मध्येमध्ये आत हात घालून गरम होत नाही ना ते बघा. राणीला मागच्या सीटवर छातीपट्टा घालून तो सीटबेल्टला आखूड अडकवा. गळ्याच्या पट्ट्याला अडकवायचं नाही, झटका बसला तर मानेला इजा होते. पुढच्या सीटवर मांडीवर तर मुळीच नको. एअरबॅग उघडली तर माणूस वाचेल, कुत्रं चिरडेल. मखर, थर्माकोल, फराळाचे डबे यातलं जेवढं रेल्वेने जाणाऱ्या पाहुण्यांकडे देता येईल तेवढं द्या. डिकीतलं सामान सीटच्या वर चढलं की ते जनावरांच्या अंगावर येतं.

राणीला निघण्याच्या तीन-चार तास आधी थोडंसं खायला, मन्याला चार-पाच तास आधी. वाटेत खाणं नाही, पाणी मात्र दर दोन-तीन तासांनी दोघांनाही पुढे धरायचं. मन्या बहुधा पिणार नाही आणि लघवीही धरून ठेवेल. आठ-दहा तास मांजर सहज धरतं. पण बोका आहे म्हणून सांगते, गावी पोचल्यावरही चोवीस तासांत लघवी झाली नाही, किंवा ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतोय असं दिसलं, तर आरती सोडून कुडाळला डॉक्टरांकडे पळा. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, तुंबली तर दिवस-दोन दिवसांत जिवाला धोका.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. प्रवासात मांजर हरवतं ते गाडी चालू असताना नव्हे, गाडी थांबल्यावर.

बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सोलापूरहून कोल्हापूरला बिऱ्हाड हलवत होतो. माझी चिंगी बुरडाच्या टोपलीत, वर फडकं बांधलेलं. सांगोल्यापासून ती एकसारखी ओरडत होती. मला राहवलं नाही. मी फडकं सोडलं, ती माझ्या पायाशी येऊन बसली आणि गप्प झाली, मला बरं वाटलं. कवठे महांकाळच्या अलीकडे चहाला थांबलो. यजमानांनी थर्मास घ्यायला मागचं दार उघडलं, आणि एक राखाडी रेघ रस्त्याकडेच्या द्राक्षबागेत गेली. एवढंच दिसलं मला. मी पशुवैद्य, मला सगळं माहीत होतं, आणि फडकं मीच सोडलं होतं. हाका मारत दोघेही धावत सुटलो, ही दुसरी चूक. बागेची खरड छाटणी होऊन गेलेली, वेलांवर नुसते कोवळे फुटवे, खाली लख्ख ऊन. लपायला जागाच नाही, तरी मांजर दिसेना. संध्याकाळी बागायतदाराच्या आई आल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, तू वरडू नगंस. तू वरडतीस म्हणून ती येईना. गप बस एका जागी." त्यांनी भाकरी आणून दिली. टोपली उघडी ठेवली, तिच्यात माझी नेसून सोडलेली साडी, आणि दिवा न लावता बांधावर बसून राहिले. रात्री दोनच्या सुमाराला पन्नास पावलांवरच्या मोटारीच्या खोलीमागून ती आली, साडीचा वास घेतला आणि टोपलीत जाऊन बसली. तिच्या पंजांची नखं रस्त्याच्या डांबराने काळी झाली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून ताई, गाडीचं कुठलंही दार उघडण्याआधी कुणीतरी मोठ्याने विचारायचं, "पेटी बंद आहे?" आणि दुसऱ्याने हाताने कडी चाचपून "बंद" म्हणायचं. पेट्रोल भरताना, चहाला, पोराला लघवी लागली तरीही. तो ओरडेल, ओरडू दे. ओरडणारं मांजर जिवंत आणि तुमच्यापाशी असतं. राणीला दार उघडण्याआधीच साखळी. ढाब्यावरची कुत्री अंगावर आली की शहाणं कुत्रंही महामार्गावर धावतं. दोघांच्या गळ्यात फोन नंबर असू दे. आणि होऊ नये, पण मन्या निसटलाच तर पळू नका. घाबरलेलं मांजर बहुतेकदा जवळच दडून बसलेलं असतं. पेटी उघडी ठेवा, तुमचा वापरलेला कपडा आत, आणि रात्र होऊ द्या.

गावच्या घरात मन्याला एकच खोली. आधी ती खोली वर मान करून बघा : कौलं आणि भिंत यांच्यात फट असते, माळ्याला झाकण नसतं, आणि मांजराला तेवढं पुरतं. पक्क्या छताची खोली असेल तर तीच द्या. घरच्या ट्रेमधली मूठभर वापरलेली वाळू नव्या ट्रेमध्ये मिसळा. पूर्ण आठवडा त्याला खळ्यात सोडायचं नाही, तो कितीही माणसाळलेला असो. भजनं आणि फटाके सुरू होतील, गावचे बोके दारात येतील. दारावर खडूने "आत मांजर आहे" असं ठळक लिहून ठेवा, म्हणजे पाहुण्यांची मुलं दार सताड उघडणार नाहीत.

राणीच्या बाबतीत कोकणापुरत्या दोन-तीन गोष्टी. पावसात तिथे लेप्टोस्पायरोसिस असतो, उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून. तिच्या लसीच्या पुस्तकात लेप्टोची नोंद आहे का बघा. पहिल्यांदाच देणार असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून उद्याच जा. रेबीजची लस दोघांचीही ताजी हवी. डॉक्टरांकडून प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखलाही घ्या. कुत्र्या-मांजरांच्या वाहतुकीसाठी 1978 च्या नियमांत तो सांगितलेला आहे आणि वाटेत कुणी विचारलं तर हाताशी असलेला बरा. गोचिडांचं औषध निघण्याआधी द्या. संध्याकाळनंतर तिला साखळीशिवाय अंगणात सोडू नका, फुरसं पालापाचोळ्यात दिसत नाही आणि कुत्रं आधी नाक पुढे करतं. नैवेद्याच्या पंचखाद्यात मनुका असतील तर तिला प्रसाद नको, मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. तुमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असेल तर शिजलेली हाडं लांब ठेवा, ती फुटून त्यांची टोकं आतड्यात रुततात.

प्रश्न : मे महिन्यात नागपूरहून पुण्याला समृद्धी महामार्गाने निघालो होतो. दुपारी एक वाजता जेवायला थांबलो. आमच्या पाच वर्षांच्या पग जातीच्या कुत्र्याला गाडीत ठेवलं, कडुनिंबाच्या सावलीत, चारही काचा दोन-दोन बोटं खाली करून. वीस-पंचवीस मिनिटांत आलो तर तो आडवा पडलेला, तोंडाला फेस. ओल्या टॉवेलात गुंडाळून दवाखाना गाठला, देवाच्या कृपेने वाचला. सावली होती, काचा उघड्या होत्या. मग चुकलं कुठे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, तुमचा पग वाचला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुमच्यासारखंच समजणारी माणसं खूप आहेत, म्हणून तुमचं पत्र छापायला दिलं.

उभी गाडी बाहेरच्यापेक्षा अर्ध्या तासात पंधरा-वीस अंशांनी तापते आणि काचा दोन बोटं खाली केल्याने त्यात जवळजवळ काही फरक पडत नाही. सावलीने थोडा पडतो, पण सावली सरकते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असताना आत काय झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, ओल्या जिभेवरून वारा खेळवायचा, हाच त्याचा कूलर. आता पगचा चेहरा आठवा. नाक आत दबलेलं, नाकपुड्या चिरेसारख्या, घशात टाळूचं मांस लोंबणारं. त्याचा कूलर जन्मतःच अर्धा बंद असतो. शिवाय हवा ओढायला तो जेवढा जोर लावतो, तेवढी उष्णता अंगातच तयार होते. शिह त्झू, बुलडॉग आणि पर्शियन मांजरांचंही हेच.

टॉवेलाबद्दल. ओला टॉवेल गुंडाळला की तो काही वेळातच अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि वाफ आत कोंडतो. त्याऐवजी नळाचं किंवा बाटलीतलं साधं पाणी थेट अंगावर ओतायचं, पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर, आणि जोराचा वारा द्यायचा. गाडीचा एसी पूर्ण सोडून त्याला झोतासमोर धरायचं. आधी गार करायचं, मग दवाखाना, किंवा वाटेत गार करत करत. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. थर्मामीटर जवळ असेल तर गुदद्वारातून तापमान घ्या, 103 फॅरनहाइटवर आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं. आणि कुत्रं उठून शेपूट हलवू लागलं तरी दवाखाना टाळायचा नाही. मूत्रपिंडांना आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला बसलेला फटका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.

समृद्धीवर थांबे लांब लांब आहेत. नागपूर ते शिर्डीच 520 किलोमीटर होतात. उन्हाळ्यात पहाटे चारला निघा आणि अकराच्या आत तेवढं उरका. पाच लिटरचा कॅन निव्वळ त्याच्यासाठी ठेवा. जेवायला एकाने जायचं, दुसऱ्याने एसी लावून गाडीत बसायचं, मग उलट. जेवण दहा मिनिटं उशिरा झालं तरी चालेल.

प्रश्न : आमचं चार महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू गाडीत बसलं की लाळ गाळतं आणि खंबाटकी घाट लागला की उलटी करतं. आता तर गाडी बघूनच थरथरतं. मोठेपणीही असंच राहील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा नाही. पिल्लांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, वर्षाच्या आसपास बरीच पिल्लं यातून बाहेर पडतात. पण गाडी बघून थरथरणं हा आता वेगळा आजार झालाय, ती भीती आहे, आणि ती वयाने जात नाही. आठ-दहा दिवस उभ्या गाडीतच, इंजिन बंद ठेवून, तिथेच त्याला आवडीचं खायला द्या. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. मग गल्लीच्या टोकापर्यंत, आणि तिथे उतरून खेळ. प्रत्येक प्रवास सुईपाशीच संपला तर कोण हौसेने बसेल? घाटाचा प्रवास टाळता येत नसेल तर मारोपिटंट नावाची गोळी असते. ती निघण्याच्या निदान दोन तास आधी द्यायची असते आणि तिने गुंगी येत नाही. वय आणि वजन बघून डॉक्टर ठरवतील. त्या दिवशी सकाळचं खाणं वगळा, काच थोडी खाली ठेवा आणि वळणं हळू घ्या.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या टायगरला खिडकीतून डोकं बाहेर काढायला खूप आवडतं. बाबा नको म्हणतात. कोण बरोबर?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बाळा, बाबा बरोबर. गेल्याच महिन्यात एका कुत्र्याच्या डोळ्यातून मी बारीक खडी काढली. बुबुळावर ओरखडा होता, तीन आठवडे दिवसातून चारदा थेंब घालावे लागले. एक तर खिडकीतून मांजर दिसलं म्हणून चालत्या गाडीतून उडी मारून आला होता, त्याचा पुढचा पाय मोडला. काच त्याचं नाक बाहेर जाईल एवढीच उघडी ठेव आणि बटणाला लॉक लाव, कारण पंजा पडला की काच वरखाली होते. टायगरला हवा वाऱ्यातला वास. तो नाकापुरत्या फटीतूनही सगळा येतो.